स्वप्नाचे वर्ग घेणाऱ्यांनी झोपेशी खेळू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सजग स्वप्नांविषयी, म्हणजे ज्यांना 'लुसिड ड्रीम' म्हणतात त्यांच्याविषयी, आलेला लेख वाचला. आपण स्वप्न पाहत आहोत याचे भान स्वप्नातच असणे, आणि तेही जागेपणाचा धागा तुटू न देता, मिटल्या डोळ्यांनी अंथरुणावरून थेट स्वप्नात पाऊल ठेवणे, ही गोष्ट खरी आहे, ती शिकता येते आणि तिच्यासारखा आनंद दुसरा नाही, हे मी गेल्या अकरा वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकते. परंतु रात्री पडल्या पडल्या शरीर सैल सोडून स्वप्नाची वाट पाहावी, असा जो उपाय लेखात सुचवला आहे तो चुकीचा आहे, आणि माझ्या शेजारच्या घरात जे घडले ते पाहता तो निरुपद्रवीही म्हणवत नाही.

ठळक आणि लांबलचक स्वप्ने मुख्यतः झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, त्या टप्प्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. हा टप्पा १९५३ साली शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगासमोर मांडला. निरोगी माणसाच्या झोपेत तो पहिल्यांदा येतो तो झोप लागल्यावर साधारण दीड तासाने, आणि तोही थोडाच वेळ. रात्रीचा पूर्वार्ध गाढ झोपेचा असतो आणि स्वप्नांचे लांब टप्पे पहाटेच्या बाजूला येतात. त्यामुळे रात्री अकरा वाजता भान धरून पडून राहणाऱ्याच्या पदरी स्वप्न नव्हे तर जागरण पडते. (ज्यांना दिवसाही अनावर झोप येते, डोळा लागताच स्वप्ने दिसू लागतात आणि मोठ्याने हसताना गुडघ्यांतले बळ गेल्यासारखे वाटते, त्यांनी हे आपले कौशल्य न समजता डॉक्टरांना दाखवावे, तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो.)

मला ही गोष्ट कोणी शिकवली नाही, नगरपालिकेच्या नळाने शिकवली. आमच्या पेठेत पाणी पहाटे साडेचारला येते. उठायचे, पिंप आणि दोन कळशा भरायच्या, आणि पाच-सव्वापाचला पुन्हा अंथरुणावर पडायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पाच-सहा तासांची झोप पदरात पडल्यावर अर्धा-पाऊण तास जागे राहून पुन्हा निजणे हीच या विद्येची अभ्यासकांनी पारखून घेतलेली रीत आहे, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळले. अशा एका पहाटे, शेजारच्या नळाचे टपटपणे कानावर पडत असतानाच हातपाय जड झाले, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू व्हावा तशी घरघर डोक्यात उमटली, मिटल्या डोळ्यांपुढचे करडे ठिपके एकत्र येऊन त्यांची भिंत झाली, भिंतीला खिडकी आली, आणि मी आमच्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मी अंथरुणावर आहे, हेही त्या वेळी मला पक्के ठाऊक होते. वर्गात शिरून फळ्यावरचा सुविचार वाचला, नजर खिडकीकडे वळवून पुन्हा वाचला, तर अक्षरे बदललेली. आजही स्वप्न ओळखण्याची माझी हीच खूण आहे. दृश्य विरू लागले की मी स्वप्नातले दोन्ही तळहात एकमेकांवर चोळते. त्याने स्वप्न टिकते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयावर काम केलेल्या स्टीफन लाबर्ज यांनीही नोंदवले आहे.

हे सारे मनाचे खेळ आहेत असे म्हणणाऱ्यांसाठी सांगते की एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्या माणसाकडून, तो झोपेत असतानाच, आधी ठरवून ठेवलेली डोळ्यांची डावी-उजवी खूण यंत्रावर टिपली होती. डोळे भराभर हलण्याच्या त्या टप्प्यात मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू लुळे करून ठेवतो, आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणावरून उठून धावत नाही ते त्यामुळेच. डोळे मात्र मोकळे राहतात, म्हणून ती खूण देता आली. पुढे लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत नोंदलेल्या ७६ सजग स्वप्नांपैकी सुमारे २८ टक्केच जागेपणातून थेट सुरू झालेली होती, बाकीच्यांत भान स्वप्न पाहता पाहता मधेच आले होते. म्हणजे सरावलेल्यांनाही ही वाट रोज सापडत नाही.

स्नायूंचा हा लुळेपणाच माझ्या पत्राचे खरे कारण आहे. भान शाबूत ठेवून स्वप्नात शिरणारा माणूस नेमका याच उंबरठ्यावरून जातो. कधी कधी तो तिथेच अडकतो: डोळे उघडतात, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते आणि कोपऱ्यात काळी आकृती उभी दिसते. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. तो काही क्षणांत किंवा फार तर काही मिनिटांत ओसरतो आणि त्याने इजा होत नाही. २०११ साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो.

आमच्या शेजारची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी याच विद्यार्थ्यांतली. तिने पैसे भरून दोन दिवसांचे एक शिबिर केले. तिथे रात्रीतून तीन वेळा गजर लावण्यास आणि प्रत्येक वेळी अंग न हलवता पडून राहण्यास सांगितले गेले. लुळेपणाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. नवव्या रात्री तिला छातीवर दाब आणि दारात उभी बाई, दोन्ही अनुभवास आले. ती दिवा लावून झोपू लागली, मग झोपेनाशीच झाली. आजीने बाहेरची बाधा ठरवून देवऋषीकडे न्यायची तयारी केली, आणि शिबिरवाल्यांना फोन केला तेव्हा तिचा विश्वास कमी पडतो आहे, पुढचे शिबिर करावे, असे उत्तर मिळाले. मुलीच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळे पाहून मला त्या उत्तराचा आजही संताप येतो. मी तिच्याजवळ बसून, डोळे का हलतात आणि हात का हलत नाहीत, एवढेच समजावून सांगितले, गजर बंद करायला लावले आणि कुशीवर निजायला सांगितले, कारण उताणे निजल्यावर हा प्रकार अधिक होतो. तीन आठवड्यांत तिची झोप जागेवर आली.

शिबिराच्या पत्रकावर 'प्राचीन भारतीय विद्या' असे छापलेले होते. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या भागातील, म्हणजे समाधिपादातील, ३८व्या सूत्रात स्वप्न आणि निद्रा यांचे ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचे आलंबन, म्हणजे आधार, म्हणून सांगितले आहे, हे खरे. परंतु ते दीर्घ अभ्यास करणाऱ्या साधकाला सांगितले आहे, शनिवार-रविवारच्या शिबिराला नव्हे. याहून चिंतेची बाब म्हणजे गॅलँटामिन हे स्मृतिभ्रंशावरचे औषध आता 'स्वप्नाची गोळी' म्हणून घेण्याचा सल्ला दिला जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या औषधाने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढलेले दिसले, परंतु तो प्रयोग तज्ज्ञांनी आखलेला होता. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून कोणी घेऊ नये.

ज्यांना ही वाट चालून पाहायची असेल त्यांनी आठवड्यातून एखाद्या सुट्टीच्या पहाटे, झोप पुरी झालेली असतानाच प्रयत्न करावा, आणि परीक्षेच्या दिवसांत किंवा मन आधीच अस्वस्थ असताना करू नये. आपणास विनंती अशी की, पुढील पुरवणीत एखाद्या निद्राविकारतज्ज्ञाकडून स्लीप पॅरालिसिसवर चार परिच्छेद लिहून घ्यावेत आणि ते त्या लेखाच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावेत. कारण तो लेख कापून ठेवलेली आणखी दोन मुले आमच्याच गल्लीत आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा