हिंसेला सामोरी जाणारी कविता अभ्यासावी

माननीय संपादक,

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला आणि तेथील बॉगसाइड वस्तीतील भित्तिचित्रे ती आठवण आजही जागी ठेवतात. तिथलेच कवी मायकेल लाँगली यांनी मात्र ‘आयआरए’ या सशस्त्र संघटनेच्या १९९४ च्या शस्त्रसंधीच्या सुमारास, पुत्राला ठार करणाऱ्या योद्धा अकिलीसच्या हाताचे चुंबन घेणारा, प्राचीन ग्रीक कवी होमरचा वृद्ध राजा प्रायम कवितेत उभा केला. ती कविता ‘आयरिश टाइम्स’मध्ये, म्हणजे एका दैनिकातच, छापली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. आप्त गमावलेल्यांकडून इतक्या लवकर क्षमेची अपेक्षा करावी का, यावर विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने वाद घालावा. बाबूराव पेंटर यांच्या या कलानगरीत साहित्य आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी शिवाजी विद्यापीठाने असा संयुक्त अभ्यासवर्ग घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर