चार्जरला खरंच कळतं का, ते खोक्यावर छापा

मा. संपादक,
स. न.

रिचार्जेबल सेल वापरा, कचरा टाळा, असं सांगणारा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. तो पटला. पण या सेलांवर माझं पोट आहे, म्हणून थोडी भर घालतो. कराड-पाटण भागात मी 22 वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात आणि एका लग्नात असे तीन संच सहज उतरतात.

गेल्या वैशाखात पाटणजवळच्या एका गावात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि माझा फ्लॅश पेटलाच नाही. दुसरा संच घालेपर्यंत हार घालून झाले होते. मुलीच्या वडिलांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. सेल जेमतेम आठ महिन्यांचे होते. रात्रभर चार्जरमध्ये ठेवलेले, सकाळी हिरवा दिवा बघूनच काढलेले. खोक्यावर ‘ऑटो कट-ऑफ’, म्हणजे सेल भरला की आपोआप बंद, असं ठळक छापलेलं होतं.

घरी येऊन छडा लावायला बसलो. पूर्ण भरलेला सेल मुद्दाम परत त्याच चार्जरमध्ये घातला. तांबडा दिवा लागला आणि बरोबर सात तासांनी हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी पार रिकामा सेल घातला, तरी सातच तास. म्हणजे सेल भरला की नाही हे त्याला कळतच नव्हतं, आत नुसतं घड्याळ होतं. मग पाच तासांनी प्लग काढून परत लावून पाहिला, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. आमच्याकडे वळवाच्या पावसात रात्रीतून दोनदा वीज जाते. पाच तास भरलेला सेल वीज आल्यावर आणखी सात तास भरला जायचा. सकाळी सेल एवढे गरम का लागायचे, ते त्या दिवशी उमगलं. असे रात्रीमागून रात्री तापलेले सेल मेले, यात त्या सेलांचा काय दोष?

नंतर जरा महागातला चार्जर आणला. हा प्रत्येक सेल वेगळा तपासतो. जुना दोन-दोन जोडीनं भरायचा, त्यामुळे जोडीतला एक अर्धा वापरलेला असला की तो आधी भरून उरलेला वेळ नुसता तापत राहायचा. नवा चार्जर सेल भरल्याचं ओळखतो कसा, हे पाहायला व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर दोन हजार मिलिव्होल्टवर लावला, त्याच्या काड्या सेलच्या दोन टोकांना टेकवल्या आणि वही घेऊन बसलो. हे सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, नावाला 1.2 व्होल्टचे, पण चार्ज होताना 1.4 च्या वर चढतात. आकडा हळूहळू चढत 1491 (म्हणजे 1.491 व्होल्ट) झाला, 1493 झाला, तिथे बराच वेळ थांबला. त्याच सुमारास सेलला बोट लावलं तर तो कोमटाचा गरम होऊ लागलेला. मग आकडा उलटा फिरला: 1492, 1490, 1488. आणि चार्जरनं दिवा हिरवा केला.

व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढीच ती घसरण, तीच भरल्याची खूण. सेल भरला की पुढची वीज साठवली जात नाही. धन पट्टीवर ऑक्सिजन सुटतो, तो ऋण पट्टीकडे जाऊन तिथे जिरतो आणि त्यात उष्णता निघते. गरम सेलचा व्होल्टेज जरा खाली येतो. जुन्या निकेल-कॅडमियम सेलांत ही घसरण जास्त, त्यामुळे पकडायला सोपी. आताच्या सेलांत ती एवढी बारीक की चांगला चार्जर शिवाय तापमानही बघतो. सेलला टेकलेला एक छोटा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, असतो आणि तापमान मिनिटाला साधारण एक अंशानं वाढू लागलं की चार्जर भरणं थांबवतो.

मोबाइलवरून इथे अंदाज बांधू नये. लिथियमच्या बॅटरीला 4.2 व्होल्टवर धरून ठेवलं की ती स्वतःच कमी कमी करंट घेत जाते आणि करंट पुरेसा उतरला की चार्जर थांबतो. आपल्या पेन्सिल सेलचा व्होल्टेज भरल्यावर उलट खाली येतो, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही.

घड्याळाच्या चार्जरला मी वाईट म्हणत नाही. सावकाश भरलं तर ती घसरण दिसतच नाही, म्हणून सेलवरच ‘200 मिलिॲम्पिअर, 16 तास’ असं छापलेलं असतं, आणि त्या मंद गतीला घड्याळ चालतं. माझी तक्रार ‘ऑटो’ या शब्दाबद्दल आहे. खोक्यावर किंमत, महिना, उत्पादकाचा पत्ता छापावाच लागतो. त्याच्या शेजारी तीन ओळी मराठीत का नकोत? सेल भरल्याचं हा चार्जर कशावरून ओळखतो, व्होल्टेजवरून, तापमानावरून की नुसत्या वेळावरून. प्रत्येक सेल वेगळा बघतो की जोडीनं. आणि वीज जाऊन आली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतो का. ग्राहक संघटनांनी ही मागणी उचलून धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो. गावोगावचे माझ्यासारखे फोटोवाले त्याआधी चार्जर घेतील. त्यांनी दुकानातच एक भरलेला सेल घालून पाहावा. ओळखणारा चार्जर दहा-पंधरा मिनिटांत हिरवा होतो.

आपला वाचक,
एक छायाचित्रकार, कराड
(नाव व पत्ता सोबत वेगळा दिला आहे.)