आखाजीला येतेय, पण एका अटीवर

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतंच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण बाबा, तुमचं फोनवरचं बोलणं मला ठाऊक आहे. 'हां, बरं आहे, घे आईशी बोल.' एवढ्यात मला जे सांगायचंय ते बसत नाही.

तुम्हाला माझ्या त्या कॅसेटी आठवत असतील. जळगावच्या हॉस्टेलवरून सुटीत अमळनेरला यायचे तेव्हा पिशवीत मेहरूणची बोरं आणि मैत्रिणीच्या भावानं मुंबईहून भरून आणलेल्या दोन कॅसेटी असायच्या. पहिल्यांदा लावली तेव्हा सुरुवातीला नुसता पाऊस, गडगडाट आणि लांबवर घंटा. आई अंगणात वाळत घातलेले पापड उचलायला धावली होती. मग गाणं सुरू झालं आणि तुम्ही ओसरीवरून विचारलंत, "काय बोंबली राहिना हाऊ माणूस?"

तो माणूस ऑझी ऑस्बर्न. बँड ब्लॅक सॅबथ, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. चौघंही तिथल्या ॲस्टन भागातली, कष्टकऱ्यांच्या घरातली पोरं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नाही, तिच्यासाठीच हे पत्र.

त्यांचा गिटारवाला, टोनी आयोमी, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचे शेंडे गेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी गिटार सोड म्हणून सांगितलं. त्यानं साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. दुखू नये म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढं १९७१ च्या रेकॉर्डच्या वेळी तारा आणखी सैल केल्या, सूर खाली गेला आणि तो जड, घुमणारा आवाजच लोकांना आवडला. आज जगभर पोरं मुद्दाम तारा सैल करून वाजवतात.

हे मी हॉस्टेलवर एका मासिकात वाचलं आणि मला तुमचा हात दिसला. कापसाच्या जिनिंगच्या पट्ट्यात गेलेली तुमची दोन बोटं. रोलरच्या चामड्याचा तुकडा घरी आणून, आईच्या दाभणानं शिवून तुम्ही केलेलं ते टोपण, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर. ते घालून मृदंगावर 'ता' मारलात की नुसतं 'थप्' वाजायचं. मग एका एकादशीला तुम्ही मृदंगच फिरवून बसलात, शाईची बाजू डावीकडे आणि कणकेची, धूम, उजवीकडे. भजनी मंडळातले हसले होते. मी आईच्या मांडीवर होते, मला हसणं आठवतं. पण पुढं गावात कुणीही डोळे मिटून सांगायचं, हा मृदंग फिटरदादाचा.

मग मी सांगितलं का नाही? लाज वाटली, दुसरं काय. मैत्रिणी घरी आल्या की तुम्ही चहा आईच्या हातून पाठवायचात आणि स्वतः मागच्या दारी जाऊन बसायचात. मला ते कळत होतं, बरंही वाटायचं. अशा पोरीनं कुठल्या तोंडानं सांगायचं की परदेशातला एक बोटं तुटलेला माणूस माझा देव आहे?

आता २०१३ चं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात केलं, हिरवी पट्टी बांधून तुम्ही आठ दिवस आमच्याकडे होता. त्याच जून महिन्यात ब्लॅक सॅबथचा नवा अल्बम आला होता. नाव नुसतं '१३'. ऑझी गाणार होता, आणि तो त्यांच्याबरोबर १९७८ नंतर पहिल्यांदाच अख्ख्या अल्बमला गात होता. म्हणजे पस्तीस वर्षांनी. मधे टोनीला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर झाला, उपचार घेत घेत त्यानं गाणी केली. इंग्लंडात अल्बम खपात पहिला आला, तोही १९७० नंतर पहिल्यांदाच. अमेरिकेत तर त्यांचा पहिला नंबर आयुष्यात कधी लागला नव्हता, तो तेव्हा लागला.

खरं सांगू का, अल्बम मला निम्माच आवडला. काही ठिकाणी जुन्याच गाण्यांवर नवी साय धरल्यासारखं वाटतं. पण अगदी शेवटी, शेवटचं गाणं संपता संपता, तोच पाऊस येतो, तोच गडगडाट, तीच घंटा. मी पोळ्या लाटत होते. आई, तवा जळून गेला होता आणि तू म्हणालीस, "पुण्याच्या गॅसला घाई फार." गॅसची चूक नव्हती ती.

आमच्या हॉस्टेलच्या चौघी-पाचजणींचं तर त्या अल्बमवरून भांडण झालं. कारण त्यात बिल वॉर्ड नव्हता, त्यांचा मूळचा ड्रमवाला. करार सही करण्याजोगा नाही, असं त्यानं २०१२ मध्ये जाहीर सांगितलं होतं. त्याच्या जागी दुसऱ्याच बँडमधला चांगला वाजवणारा घेतला. एकीनं ठरवलं, चौघं नाहीत तर मी ऐकणारच नाही. पंचेचाळीस वर्षांच्या पुढच्या म्हातारीनं असं रुसावं, हसू येतं, पण मनातून मला तिचंच पटत होतं.

आणि बाबा, तुम्ही! पट्टी बांधून खाटेवर पडला होता, खाटेच्या माचव्यावर बोटं चालू होती. मधेच म्हणालात, "हा वाजवणारा यांच्यातला नाही. ताल बरोबर आहे, पण जिनिंगचं इंजिन चालल्यासारखा. जुना कुठं गेला?" मला इंग्रजीतली परीक्षणं वाचून जे कळलं होतं ते तुम्हाला एका डोळ्यानं कळलं. मी म्हटलं, करारावरून बिनसलं. तुम्ही बराच वेळ गप्प. मग म्हणालात, "आप्पासारखं."

आप्पाकाकांचं आणि तुमचं नेमकं कशावरून फिसकटलं, हे मला अजून नीट माहीत नाही. आई म्हणते लाऊडस्पीकरच्या वर्गणीवरून, काकू म्हणतात पेटी कुणाच्या घरी राहायची यावरून. मंडळ मोडलं हे खरं. पेटीवाला एका गल्लीत, मृदंगवाला दुसऱ्या गल्लीत, आणि लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसायचं.

आता शेवटचं सांगते. गेल्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅममध्ये ऑझीच्या लहानपणीच्या घराजवळच्याच फुटबॉल मैदानावर त्या चौघांनी एकत्र कार्यक्रम केला. चौघांनी. बिल वॉर्डसुद्धा. चौघं मिळून २००५ नंतर पहिल्यांदाच. ऑझीला पार्किन्सन्स, चालता येत नव्हतं, काळ्या सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चारच गाणी झाली. आमच्या त्या रुसलेल्या मैत्रिणीनं रात्री मला फोन केला आणि दोघीही काही बोललो नाही, नुसत्या नाक ओढत बसलो. सतराव्या दिवशी, २२ जुलैला, ऑझी गेला. ७६ वर्षांचा होता. बाबा, तुमचं वय मी इथं लिहीत नाही.

अक्षय्य तृतीया जवळ आली की दर वर्षी आई म्हणते, "आखाजीले येजो व माय." दर वर्षी मी ऑफिसचं कारण सांगते. या वर्षी येतेय, चार दिवस आधी. घागर भरायला, सांजोऱ्या करायला आणि झोका बांधला असेल तर त्यावरही बसायला. अट एकच. संध्याकाळी ओसरीवर सतरंजी अंथरायची आणि आप्पाकाकांना बोलावणं तुम्ही स्वतः जाऊन द्यायचं. पोरांच्या हाती निरोप नको. ते आले नाहीत तर नाही आले, मी काही म्हणणार नाही. आले तर वर्गणीचा विषय काढायचा नाही. चारच अभंग पुरे.

आई, मृदंग माळ्यावर कोठीमागे आहे, पोत्यात. उंदरांनी वादी कुरतडलीय का तेवढं बघून ठेव. धूमला लावायची कणीक मी मळीन, घट्ट, बाबांना लागते तशी.

तुमची,
ताई

ता. क. काळा मसाला संपलाय. शेवभाजीपुरता तरी बाजूला काढून ठेव.