गार इंजिनाचे दुखणे ओळखणाऱ्या मेस्त्रींना पत्र

आदरणीय मेस्त्री,
सा. न. वि. वि.

व्हॅन घेऊन निघताना घाईत मी नुसते ‘बरं, येतो’ एवढेच म्हणालो, ते मनाला लागून राहिले आहे. म्हणून हे पत्र.

इंजिन तापते ही तक्रार सगळे ऐकून घेतात, पण ते तापतच नाही असे सांगणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, हे मला आपल्याकडे येण्याआधीच कळून चुकले होते. तापमानाचा काटा जेमतेम पाव भाग चढायचा आणि उतार लागला की पुन्हा खाली बसायचा. हीटरमधून कोमट वारा येई, ॲव्हरेज घसरले होते. एका ठिकाणी सेन्सर बदलला, दुसऱ्या ठिकाणी मीटरच बदलला, आणि तिसऱ्या ठिकाणी ‘गाडी गरम होत नाही म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच’ असे म्हणून सगळे हसण्यावारी नेले. पहिल्या दोघांनी आपापली बिले मात्र हसण्यावारी नेली नाहीत.

आपण व्हॅन रात्रभर ठेवून घेतली, कारण इंजिन पूर्ण गार असतानाच तपासायचे होते. सकाळी मला यायला चांगला तासभर उशीर झाला. बॉनेट उघडे होते, मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, तरी आपण किल्ली फिरवली नव्हती. ‘तुमच्या हातालाच कळू दे,’ एवढेच म्हणालात आणि इंजिन सुरू करून माझा तळहात रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, ठेवलात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप, शाबूत असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडली की एकदम चटका देतो, असे आपण सांगितलेत. आमचा होज मात्र दोन मिनिटांतच कोमटू लागला आणि तसाच रेंगाळत राहिला. जे कूलंट इंजिनातच फिरून तापायला हवे होते ते पहिल्या क्षणापासून रेडिएटरकडे पळत होते, हे मला त्या क्षणी, कोणत्याही व्याख्यानाशिवाय, तळहातावर समजले. पुढे सुटा केलेला थर्मोस्टॅट आपण उजेडाकडे धरलात, तेव्हा बंद असायला हव्या त्या झडपेच्या कडेने नखाएवढी फट चमकत होती. कडेला 82 हा आकडा स्पष्ट उमटलेला होता; म्हणजे 82 अंशांपर्यंत जिने मिटून राहायचे ती झडप थंडगार असतानाही उघडीच होती.

दुरुस्ती तशी किरकोळच निघाली. माझ्या लक्षात राहिले ते आपले थांबणे. गाडीतले मला काही कळत नाही हे आपल्याला ठाऊक होते, आणि न कळणाऱ्याला नुसता निकाल ऐकवून वाटेला लावणे किती सोपे असते, ते मी आधी तीनदा अनुभवले होते. आधी कोणाकडे दाखवली, त्यांनी काय केले, याची आपण चौकशीसुद्धा केली नाही. मीच सांगू लागलो तेव्हा आपण विषय बदललात. (मला खरे तर बरेच बोलायचे होते.)

आता त्याच उतारावर काटा मध्यावरून हलत नाही. आठवड्याने कूलंटची पातळी पाहायला सांगितले होते. काल सकाळी इंजिन गार असताना पाहिली, खुणेला बरोबर आहे.

आपला कृतज्ञ,
उशिरा आलेला व्हॅनवाला