महिन्यात १० किलोंचा हव्यास

महोदय,

‘महिन्यात १० किलो वजन घटवा’ अशा जाहिराती आता रिक्षांच्या पाठीवरही झळकू लागल्या आहेत, हे पाहून काळजी वाटते. माझ्या धाकट्या बहिणीने अशाच एका केंद्राच्या सांगण्यावरून दोन महिने केवळ पावडरीवर काढले. वजन उतरले, पण केस मूठमूठ गळू लागले आणि वर्षभरात वजन पुन्हा होते तिथेच आले. आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढीच घट शरीराला मानवते. त्याहून घाई केल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पुढे ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, ताक आणि रोजचे भरभर चालणे यांवर तिचे सहा महिन्यांत ७ किलो उतरले, ते आजही टिकून आहे. आरोग्य विभागाने या जाहिरातींना चाप लावावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा