यिर्मयाचे खरेदीखत

अहिल्यानगर,
२ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

३१ डिसेंबरच्या रात्री साक्षी सुरू झाल्या तरी मी वळून वळून दाराकडे पाहत होतो, कारण चिंचवडला राहायला गेल्यापासून अकरा वर्षांत तू वॉचनाइटची, म्हणजे सरत्या वर्षाच्या मध्यरात्रीची, उपासना एकदाही चुकवली नव्हतीस. बारा वाजता सगळी मंडळी गुडघ्यांवर असताना घंटा झाली, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, लोक एकमेकांना सलाम करू लागले, आणि माझ्या शेजारची तुझी जागा रिकामीच राहिली. काल सकाळी तुझा निरोप वाचला. गेल्या वर्षी निघालेले वचन खोटे ठरले, आता दुसरे कार्ड उचलायला हात धजत नाही, असे तू लिहिले आहेस. याचे उत्तर फोनवर दोन ओळींत द्यावे असे मला वाटले नाही, म्हणून हे पत्र.

ते कार्ड मला चांगले आठवते. नव्या वर्षासाठी प्रत्येकाने बायबलातले एक वचन उचलायचे, म्हणून दाराजवळच्या टेबलावर स्टीलच्या ताटात घडी घातलेली कार्डे होती, आणि तू उचललेल्या कार्डावर निळ्या शाईत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ लिहिलेले होते: परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तू ते वाचून हसलास आणि पाकिटात ठेवलेस. जुलैमध्ये तुझ्या धाकट्या भावाला माती देऊन आपण कबरस्तानाच्या फाटकाशी आलो, रिक्षाचे पैसे देण्यासाठी तू पाकीट उघडलेस, तेव्हा नोटांच्या मागून तेच कार्ड वर आले आणि तू ते अंगठ्याने पुन्हा आत सारलेस. मी ते पाहिले होते. त्या दिवशी काही बोलण्याचा मला धीर झाला नाही.

धाकट्याचे जाणे हेही त्या हिताच्या संकल्पातलेच होते, असे मी तुला कदापि सांगणार नाही. तसे सांगणारे तुला त्या दिवशी पुष्कळ भेटले. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि ज्याला पुढच्या घटकेला आपण त्याला जिवंत उठवणार हे ठाऊक होते तोही जिथे रडला, तिथे आपण शोक करणाऱ्याला समजुतीच्या गोष्टी सांगू नयेत, असे मला मनापासून वाटते.

मात्र त्या वचनाविषयी मला तुझ्याशी बोलायचे आहे. आपण ते कात्रीने कापून एका कार्डावर घेतो आणि ते एका वर्षाचे आश्वासन आहे असे धरून चालतो. मुळात ते एका पत्रातले वाक्य आहे. यरुशलेमेत राहिलेल्या यिर्मयाने ते पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवले, आणि हिताच्या संकल्पाचे वाक्य येण्याच्या अगदी आधी त्यात मुदत लिहिलेली आहे: ७० वर्षे. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले, त्यांच्यातल्या बहुतेकांना परत जाणे दिसणार नव्हते. त्याच्याच मागच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, ज्याने दोन वर्षांत सर्व काही पूर्ववत होईल असे भर मंदिरात सांगितले आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडून टाकले. ऐकायला हनन्याचेच वचन गोड होते, आणि खोटे ठरले तेही त्याचेच. मला भीती वाटते की दर ३१ डिसेंबरला आपण यिर्मयाचे शब्द उचलतो आणि ते हनन्याच्या अर्थाने वाचतो.

त्या ७० वर्षांत करायचे काय, हेही पत्रात आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. मुलाबाळांची लग्ने करा. आणि ज्या नगरात तुम्हाला धरून नेले आहे, त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरात, भरल्या डोळ्यांनी, कुदळ हातात घ्यायला सांगणारे हे पत्र आहे.

यिर्मयाने स्वतः तसेच केले, म्हणून मी त्याचे ऐकतो. बत्तिसावा अध्याय एकदा सावकाश वाच. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा दिलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन त्यांच्या गावचे, अनाथोथचे, शेत विकत घे म्हणतो. ज्या जमिनीवर उद्या शत्रूचे घोडे चरणार, ती घेणार कोण? यिर्मया १७ शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि मोहोर केलेले व उघडे असे दोन्ही कागद आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेववतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. तुझ्या वडिलांनी सातबारा आणि खरेदीखत पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कसे जपले होते, ते आठव; अगदी तसेच. आणि मला सर्वांत जवळचे वाटते ते पुढचे: हे सारे करून झाल्यावर तो देवाला विचारतो की नगर तर शत्रूच्या हाती चालले आहे, मग तू मला शेत घ्यायला का सांगितलेस? आधी सही केली, मग शंका बोलून दाखवली, आणि देवाने त्याला त्याबद्दल झिडकारले नाही. ते शेत त्याने कधी नांगरले असे शास्त्रात कुठे नाही. शेवटी लोक त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तला, घेऊन गेले.

माझेही तुला सांगितले पाहिजे. मे २०२१ मध्ये आई गेली, त्यानंतर कित्येक महिने प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द आले की माझे ओठ मिटत. तू इकडे आलास की शेजारीच असायचास. तुला ते जाणवले होते की नाही, कोण जाणे. मी गप्प असे आणि माझ्या दोन्ही बाजूंनी मंडळी तेच शब्द म्हणत असे, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाया तर अंमळ मोठ्यानेच. माझा विश्वास त्या दिवसांत मी टिकवला नाही. माझ्या वाटचे शब्द त्यांनी म्हटले, आणि एका रविवारी ते पुन्हा माझ्या तोंडात आले. कोणता रविवार, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. म्हणून तुझी जागा रिकामी दिसली तेव्हा मला चिंता वाटली ती तू शंका घेतोस याची नव्हे, तू एकटा बसून शंका घेतोस याची.

पंडिता रमाबाईंचे तुला सांगायला नकोच. लहानपणी आपण दोघे दौंडजवळच्या केडगावला त्यांचे मुक्ति मिशन पाहून आलो होतो. आई-वडील दुष्काळात गेले, मग बहीण, भाऊ आणि लग्नाला दोन वर्षेही झाली नाहीत तोच पती. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाईंच्या हातात मराठी बायबलाच्या भाषांतराचे काम होते, ज्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ते त्यांनी खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि छापलेले संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आले. त्यांना ते पाहता आले नाही. अनाथोथचे शेत म्हणतात ते हेच, असे मला वाटते.

तुझ्यासाठी मी ताटातून कार्ड उचललेले नाही. पाळकसाहेबांनी एक बाजूला काढून ठेवतो म्हटले, मी नको म्हणालो. जुनेच कार्ड तुझ्या पाकिटात असेल तर ते तसेच राहू दे. त्याची मुदत ३१ डिसेंबरला संपलेली नाही.

शनिवारी, १० तारखेला सकाळच्या एसटीने मी तुझ्याकडे येत आहे. धाकट्याच्या मुलाच्या शाळेच्या प्रवेशाचे तू म्हणाला होतास, त्याचे कागद घेऊन आपण दोघे वहिनींकडे जाऊ. बँकेतले वारसाचे कामही राहिले आहे, तेही त्याच फेरीत पाहू. तुला प्रार्थना करावीशी वाटली नाही तर मी करीन, तू फक्त जवळ बस. रविवारी चिंचवडच्या तुमच्या मंडळीत उपासनेला यायची तुझी तयारी नसेल तर तसे मोकळेपणाने सांग, मी रागावणार नाही. घरी सर्वांना सलाम, आणि धाकट्याच्या मुलांना माझा आशीर्वाद.

ख्रिस्तामध्ये तुझाच,
बाकावरचा शेजारी