जमीन विकली नाही, आई-बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

इथल्या मोहावी वाळवंटातल्या कॅलिफोर्निया सिटी गावाजवळचा आपला अडीच एकरांचा तुकडा मी वाळवंटातल्या कासवांसाठी देऊन टाकलाय. सही, नोटरी, काउंटीच्या दप्तरात नोंद, सगळं झालं. फोनवर बाबांचा आवाज पडलेला ऐकवला नसता, म्हणून लिहितेय.

आधी तुमचं. महिन्याच्या पैशांना काही धक्का नाही. पोळ्यांच्या ताई, रात्रीच्या मावशी, दोघींचा पगार वेळेवर येईल. तो प्लॉट पैसे देत नव्हता, वर्षाला कर तेवढा मागत होता.

जमीन हातची सोडू नये, हे तुम्ही म्हणणारच. अण्णांच्या वाटणीचं मीही विसरलेले नाही. पण बाबा, १९५०च्या दशकात तिथे कागदावर शहर आखलं, रस्ते खणले, तुकडे विकले, आणि घरं फारशी आलीच नाहीत. शेजारीच कासवांचं राखीव क्षेत्र आहे. डेझर्ट टॉर्टॉइज प्रिझर्व्ह कमिटी ही संस्था १९७४ पासून त्यासाठी झटतेय. मध्येमध्ये खाजगी तुकडे राहिले की मोटरसायकली घुसतात, बिळं चिरडतात. हे कासव आयुष्याचा ९५ टक्के वेळ बिळात काढतं. वयात यायलाच त्याला १३ ते २० वर्षं लागतात, म्हणून गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. पिल्लांचं कवच मऊ असतं, डोमकावळे ते फोडतात. आणि डोमकावळे वाढतात ते आपल्या कचऱ्यावर न्‌ पाण्यावर. तिथे एक घर बांधलं तरी नुकसान कुंपणाबाहेर लांबवर जातं. मोहावीत १९४२ च्या रणगाड्यांचे माग अजून दिसतात. तिथल्या मातीची वरची साय एकदा मोडली की पुन्हा धरायला दशकं जातात.

नान्नजच्या माळाला सगळे पडीक म्हणायचे, तेव्हा मला खांद्यावर बसवून माळढोक शोधायला तुम्हीच नेलंत ना?

घाईत काही केलेलं नाही. संस्था मिळेल ती जमीन घेत नाही. राखीव क्षेत्राला लागून आहे का, कर थकलाय का, बोजा आहे का, खनिजहक्क कुणाकडे, कुणी टायर-पिंपं टाकलीत का, सगळं बघतात. वारसांतल्या एकाची सही नसली तरी घोडं अडतं. इथे नाव माझं एकटीचं, म्हणून अडलं नाही. ग्रँट डीडवर, म्हणजे जमीन नावावर करून देण्याच्या खतावर, पार्सल नंबर आणि सीमांचं वर्णन जुन्या खतातलं जसंच्या तसं उतरवायचं, एक आकडा चुकला तरी पुढे दुरुस्तीखत करावं लागतं. करसवलत ५०० डॉलरच्या वर मागायची तर करखात्याचा फॉर्म ८२८३. ५,००० च्या वर असेल तर स्वतंत्र मूल्यांकन, तेही देणगीच्या ६० दिवसांहून आधीचं चालत नाही. आपल्या तुकड्याची किंमत त्याहून कमी, त्यामुळे तो खर्च वाचला.

रागावला असाल तर रागवा, पण जेवण सोडू नका. आई, बीपीची गोळी सकाळीच घे, बाबांची वाट बघत बसू नकोस. बाबा, डोळ्यांचे थेंब झोपण्याआधी टाकायचेच. कंटाळा चालणार नाही.

पुढच्या मार्चमध्ये या, तेव्हा कासवं बाहेर असतात. लांबूनच बघायचं. उचललं तर भीतीने साठवलेलं पाणी सोडतं आणि मग उन्हाळ्यात मरू शकतं. गाडी काढण्याआधी टायरखाली बघावं लागतं, सावलीला येऊन बसतात. तुमचे गुडघे जपा, वाकून मी बघीन.

तुमची,
ताई